शाळेचा निरोप घरापर्यंत: कोरोनाच्या वीस महिन्यांतून काय शिकायचं?

१५ मार्च २०२० रोजी तेव्हाच्या औरंगाबाद शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. त्याच सुमारास राज्यातल्या शाळा बंद करण्याचे आदेश निघाले. आधी शहरांतल्या, मग ग्रामीण भागातल्या. मुदत होती ३१ मार्चपर्यंतची. त्याच जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्याच्या पूर्व भागातल्या पिशोरसारख्या गावात पहिली-दुसरीच्या वर्गाचं कुलूप सरकारी परवानगीनं निघायला मात्र १ डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात बसलं तेव्हा ते दुसरीत होतं.

या वीस महिन्यांत घराघरात तेच प्रश्न होते. शाळा कधी उघडणार? परीक्षा होणार का? पुस्तकं कुठून घ्यायची? तांदूळ कधी वाटणार? उत्तरं मुंबई-पुण्यात ठरत होती. ती मक्याच्या, कपाशीच्या आणि अद्रकीच्या शेतात कामाला गेलेल्या आई-बापांपर्यंत पोचवायची होती. ऑनलाइन शिक्षण चाललं की फसलं, यावर बरीच चर्चा झाली. त्याआधीच्या पायरीकडे, म्हणजे पालकांना खरी माहिती वेळेवर मिळते का याकडे, तेवढं लक्ष गेलं नाही. म्हणून ही यंत्रणा कशी चालते, ती कुठे अडली आणि पुढच्या वेळेसाठी काय करून ठेवता येईल, ते क्रमानं पाहू.

आदेश कोणत्या वाटेनं येतो

ग्रामीण महाराष्ट्रात शाळांचा कारभार जिल्हा परिषद पाहते. मंत्रालयात शासन निर्णय निघतो. तो पुण्यातल्या शिक्षण आयुक्तालयातून विभागीय उपसंचालकांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे येतो. पुढे पंचायत समितीत बसणारे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीटचे विस्तार अधिकारी, मग दहा-बारा शाळा सांभाळणारे केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक, मग वर्गशिक्षक आणि शेवटी पालक. एवढे टप्पे ओलांडून कागद खाली उतरतो.

कोरोनाच्या काळात याच्या शेजारून दुसरी वाट सुरू झाली. साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांना निर्बंध घालण्याचे अधिकार मिळाले. त्यांचे आदेश तहसीलदार, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यामार्फत गावात पोचत. शाळेबाबत शिक्षण विभाग एक सांगे आणि जिल्हा प्रशासन त्याला स्थानिक मर्यादा घाली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असत. पालकाला मात्र एवढंच कळे की काल एक ऐकलं आणि आज दुसरं.

त्यात तिसरी वाट होती टीव्ही आणि व्हॉट्सॲपची. अधिकृत पत्र मुख्याध्यापकांच्या हाती पडण्याआधीच मंत्र्यांची घोषणा ‘ब्रेकिंग न्यूज’ होऊन घरात पोचलेली असे. मुख्याध्यापकांना फोन यायचा, ‘सर, उद्यापासून शाळा आहे म्हणे?’ आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं लेखी काहीच नसायचं.

किती वेळा बदललं?

पालक का गोंधळले, हे समजायला नुसता निर्णयांचा क्रम पुरेसा आहे.

• मार्च २०२०: पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, सर्वांना वरच्या वर्गात प्रवेश. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, एप्रिलमध्ये रद्द केला.
• जून २०२०: शाळा टप्प्याटप्प्यानं सुरू करण्याचा आराखडा जाहीर. जुलैपासून वरचे वर्ग भरवण्याचा विचार होता. साथ वाढल्यानं ते जमलं नाही.
• जुलै २०२०: अभ्यासक्रमात २५ टक्के कपात.
• २३ नोव्हेंबर २०२०: नववी ते बारावी सुरू करण्यास परवानगी. पालकांचं लेखी संमतिपत्र आवश्यक, हजेरीची सक्ती नाही, शिक्षकांची कोरोना चाचणी बंधनकारक. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा.
• २७ जानेवारी २०२१: पाचवी ते आठवी सुरू.
• फेब्रुवारी-मार्च २०२१: दुसरी लाट. ११ मार्च ते ४ एप्रिल औरंगाबाद जिल्ह्यात अंशतः लॉकडाऊन. शाळा पुन्हा बंद.
• एप्रिल २०२१: पहिली ते आठवी, पाठोपाठ नववी आणि अकरावी विनापरीक्षा वरच्या वर्गात. दहावीची परीक्षा रद्द. जूनमध्ये बारावीचीही.
• १५ जुलै २०२१: कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू करण्यास परवानगी.
• ऑगस्ट २०२१: १७ तारखेपासून आणखी वर्ग उघडण्याचा आदेश निघाला आणि लगेच थांबवलाही गेला.
• ४ ऑक्टोबर २०२१: ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू.
• १ डिसेंबर २०२१: ग्रामीण भागात पहिली ते चौथी सुरू.
• जानेवारी २०२२: तिसरी लाट, पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून पुन्हा सुरू.

नोव्हेंबर २०२० चं उदाहरण बोलकं आहे. ग्रामीण भागात नववीच्या पुढचे वर्ग उघडत होते. शहराच्या महापालिका हद्दीतल्या शाळा मात्र जानेवारीपर्यंत बंद ठेवण्याचं ठरलं होतं. टीव्हीवर ‘औरंगाबादेत शाळा बंदच’ अशी बातमी पाहणाऱ्या कन्नड तालुक्यातल्या पालकानं ती आपल्यालाच लागू आहे असं समजलं, तर त्यात त्याचा काय दोष? शहर आणि जिल्हा एकाच नावाचे असले की बातमीत हद्द सांगावी लागते. आता दोघांचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे; अडचण तीच राहिली आहे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि त्याच्या मर्यादा

एप्रिल २०२० मध्येच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज इयत्तावार मजकूर आणि दीक्षा ॲपच्या लिंक तयार होत. त्या अधिकाऱ्यांच्या ग्रुपवरून केंद्रप्रमुखांच्या, तिथून शिक्षकांच्या आणि शेवटी पालकांच्या ग्रुपवर जात. वरून खाली यायला जिथे पूर्वी दिवस लागत, तिथे काही तास पुरू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ हा उपक्रम आला. त्यात विद्यार्थ्यानं व्हॉट्सॲपवरच दर आठवड्याला प्रश्न सोडवायचे होते. माहिती उलट दिशेनं, मुलाकडून यंत्रणेकडे जाऊ लागली, हे त्याचं महत्त्व.

पण ग्रुप कोणाचा होता? ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचा. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार २०२१ मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ऐकायला आकडा मोठा वाटतो. त्याच पाहणीत पुढे असं दिसलं की अशा घरांतल्या जवळपास २६ टक्के मुलांना तो फोन अभ्यासासाठी मिळतच नव्हता आणि हवा तेव्हा मिळणारी मुलं साधारण चौथा हिस्साच होती. उरलेल्यांना तो मिळे, पण कधीमधी. म्हणजे घरात फोन आहे आणि मुलाच्या हातात फोन आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खेड्यात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. फोन वडिलांचा असतो आणि वडील दिवसभर रानात असतात. परत येतात तेव्हा बॅटरी संपलेली असते. वस्तीवर रेंज नसते. रिचार्जची मुदत संपली की पुढचं रिचार्ज माल विकल्यावर होतं. एकाच घरात तिसरी, सहावी आणि नववीची तीन मुलं असली तर फोन मोठ्याच्या वाट्याला जातो. आणि ग्रुपवर ‘शुभ सकाळ’, फुलांची चित्रं आणि काढ्याचे नुस्खे यांच्या गर्दीत शाळेची सूचना वर सरकून दिसेनाशी होते. शिक्षकांच्या लेखी ‘ग्रुपवर टाकलं’ म्हणजे काम झालं. पालकाच्या लेखी काहीच आलेलं नसतं.

टीव्ही, रेडिओ आणि वेळापत्रक

इंटरनेट नसलेल्या घरांसाठी दूरदर्शन हा मोठा आधार होता. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं तयार केलेल्या या मालिकेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी ६० असे एकूण ४८० भाग होते. घरात आणि परिसरात करून पाहण्याच्या कृती हा तिचा गाभा होता. विदर्भात नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ प्रसारित होई. त्यासाठी ‘प्रथम’ संस्थेची मदत होती.

टीव्ही आणि रेडिओची अट एकच: कार्यक्रम लागतो तेव्हा समोर माणूस हवा. कोणत्या इयत्तेचा भाग किती वाजता, हे आदल्या दिवशी माहीत नसेल आणि नेमकी त्या वेळी वीज नसेल, तर मालिका कितीही चांगली असो, त्या मुलापुरती ती झालीच नाही. त्यामुळे कार्यक्रमाइतकंच त्याचं वेळापत्रक पोचणं महत्त्वाचं. इथे मोबाइलची गरज नाही. किराणा दुकानाच्या दारावर, पिठाच्या गिरणीत, दूध संकलन केंद्रावर लावलेला हाताने लिहिलेला कागद हे काम करू शकतो. ही गावातली अशी ठिकाणं आहेत जिथे लॉकडाऊनमध्येही माणसं जात होती.

फोन नसलेल्या घरांसाठी काय केलं गेलं

राज्यात ठिकठिकाणच्या शिक्षकांनी आपापले मार्ग काढले. त्यातले काही इथे नोंदवण्यासारखे आहेत.

पालघर जिल्ह्यात दांडवळ आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशननं लाऊडस्पीकरवरून धडे ऐकवले. या उपक्रमाला ‘बोलकी शाळा’ असं नाव पडलं. सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. येता-जाता मुलं थांबून वाचत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शिक्षकानं साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल करून मुलांना एकत्र आणलं.

आपल्याच जिल्ह्यातलं गाडीवाट हे गाव तर वेगळ्याच कारणानं गाजलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०१९ पासून जपानी भाषा शिकत होती. टाळेबंदीत ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्या मुलांनी ऑनलाइन शिकायचं आणि मग शेजारच्या, फोन नसलेल्या मुलांना शिकवायचं, अशी सोय तिथे झाली. ही पद्धत इतरत्रही वेगवेगळ्या नावांनी चालली. ओट्यावर, पारावर, मंदिराच्या सभामंडपात चार-चार मुलांचे गट बसले. सातवी-आठवीच्या मुली धाकट्यांच्या मास्तरीण झाल्या.

या उपायांत एक धागा समान आहे. कोणाच्या घरी काय आहे, हे शिक्षकाला आधी माहीत होतं. फोन असलेली, नसलेली, टीव्ही असलेली, फक्त साधा फोन असलेली घरं कोणती, हे कळल्यावरच मार्ग निवडता येतो. ज्या शाळेनं ही यादी केली नाही, तिला व्हॉट्सॲप हाच गाव वाटत राहिला.

तांदूळ, डाळ आणि बँक खातं

शाळेतून फक्त अभ्यास मिळत नाही. शालेय पोषण आहार हा अनेक घरांचा आधार आहे. शाळा बंद झाल्यावर मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात शिजवलेल्या अन्नाऐवजी तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांना देण्याचा मार्ग निवडला गेला. गर्दी होऊ नये म्हणून वर्गवार दिवस ठरवून पालकांना बोलवायचं होतं. म्हणजे पुन्हा निरोपाचाच प्रश्न.

इथे पालकाला एक साधा हिशेब माहीत असावा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेलं आहे. ६० दिवसांचं वाटप असेल तर पहिल्याला ६ किलो आणि दुसऱ्याला ९ किलो. दिवस किती धरले आणि किलो किती मिळाले, हे दोन आकडे शाळेच्या फलकावर लिहिले की शंका आपोआप मिटतात. ते लिहिले नाहीत की कुजबुज सुरू होते.

२०२१ च्या उन्हाळी सुट्टीतल्या आहाराचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचं ठरलं. पहिली ते पाचवीसाठी १५६ रुपये आणि सहावी ते आठवीसाठी २३४ रुपये. त्यासाठी मुलाच्या नावानं आधारशी जोडलेलं खातं हवं होतं. पिशोरसारख्या मोठ्या गावालगतच्या वाड्या-तांड्यांवरच्या पालकाला खातं काढायचं तर एक दिवसाची मजुरी बुडवायची, प्रवासखर्च करायचा, बँकेपुढच्या रांगेत उभं राहायचं, तेही साथ चालू असताना. मिळणाऱ्या रकमेपेक्षा खर्च जास्त, अशी टीका राज्यभरातून झाली. माहिती अचूक असूनही ती पालकाला उपयोगी पडतेच असं नाही. कागदावरची सोय त्याच्या दिवसभराच्या वेळापत्रकात बसते का, हे विचारणारं कोणी निर्णयाच्या टेबलाशी हवं.

गुरुजी एकाच वेळी किती ठिकाणी?

पालकांना माहिती देणारा शेवटचा माणूस म्हणजे वर्गशिक्षक. त्या काळात त्याला काय काय करावं लागलं? तपासणी नाक्यांवर ड्युटी होती, रेशन दुकानांवर देखरेख होती, घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात काम होतं. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आशाताईंच्या पथकांसोबत अनेक शिक्षक दारोदार फिरले.

याची एक चांगली बाजूही होती. तापमान आणि ऑक्सिजन मोजायला दारात आलेले गुरुजी ओळखीचे असल्यानं लोक दार उघडत आणि खरं सांगत. पोरांच्या अभ्यासाची चौकशीही तिथेच होई. ज्यांनी आरोग्याच्या नोंदीबरोबर वहीत ‘घरी फोन आहे का, टीव्ही आहे का, मूल सध्या कुठे आहे’ या तीन गोष्टी टिपल्या, त्यांच्याकडे शाळेसाठी लागणारी यादी तयार झाली. मोहिमेच्या छापील नमुन्यात त्यासाठी वेगळे रकाने असते, तर प्रत्येक गावाची यादी एका फेरीत झाली असती.

निर्णय गावाच्या हाती आला तेव्हा

जुलै २०२१ चा शासन निर्णय या सगळ्यात वेगळा ठरला. ज्या गावात आधीचा किमान एक महिना कोरोनाचा रुग्ण नाही, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग भरवता येतील. मात्र त्यासाठी ग्रामपंचायतीनं पालकांशी चर्चा करून ठराव घ्यायचा, असं त्यात म्हटलं होतं. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची होती. तिच्यात तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असत.

दीड वर्ष वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहणाऱ्या पालकाला प्रथमच कोणीतरी विचारत होतं की, तुमचं काय मत? शिक्षण विभाग, महसूल आणि आरोग्य या तिन्ही खात्यांची माणसं एका टेबलाशी आली. आधी दोन वाटांनी येणारी माहिती एका जागी मिळू लागली. सभेला आलेला पालक घरी जाताना स्वतःच चार घरांना सांगत जातो. निर्णयात सहभागी असलेल्या माणसाला वेगळा निरोप धाडावा लागत नाही.

यासाठी कायद्यात आधीच जागा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असायला हवेत. महिन्यातून एकदा तिची बैठक व्हायची असते. कागदोपत्री ही समिती सर्वत्र आहे. जिथे ती खरोखर बसते, तिथे संकटाच्या वेळी नवीन रचना उभारावी लागत नाही.

फडावर गेलेली घरं

मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कन्नड तालुक्यातल्या तांड्यांवरूनही मुकादमाची उचल घेऊन कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शाळा सुरू असताना मुलाला आजीजवळ ठेवायला एक कारण असतं. शाळाच बंद असेल तर मूलही कोयत्याबरोबर जातं. मग गावच्या शिक्षकाचा मेसेज एका जिल्ह्यात आणि मूल तिसऱ्याच जिल्ह्यातल्या कोपीत, अशी स्थिती होते.

मार्च २०२१ मध्ये, १ ते १० तारखेदरम्यान, राज्यानं शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम घेतली. तिच्यात २५ हजारांहून अधिक मुलं सापडली. त्यांतली बहुसंख्य मुलं शाळेत नाव असूनही येत नसलेली होती. हजेरीपटावर ती होतीच. कुठे आहेत हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ ही चांगली सोय राज्यात आहे. मूल गाव सोडताना शाळेनं ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं. शाळा बंद असतानाही असंच पत्रक मुलाच्या मुक्कामाचा ठावठिकाणा आणि पालकाचा चालू फोन नंबर टिपायला वापरता येईल. मुकादमाचा नंबर त्यावर असला तर आणखी बरं. फडावर तोच एक फोन हमखास लागतो.

जगाचा अनुभव काय सांगतो

साथीत शाळा बंद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली. तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले. वर्तमानपत्रांनी रोजचं वेळापत्रक आणि प्रश्न छापले. पालकांच्या शंकांसाठी फोनवर शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक फोन आले आणि तिथे आणखी शिक्षक नेमावे लागले. कार्यक्रम एकतर्फी असला तरी विचारायला जागा ठेवली होती.

अलीकडचा दाखला बोट्सवानाचा. २०२० मध्ये तिथे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना फक्त एसएमएसनं गणितं पाठवली. काहींना एसएमएसबरोबर शिक्षकांनी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फोनही केला. नुसत्या एसएमएसचा परिणाम नगण्य होता. फोन झालेल्या घरांतली मुलं मात्र स्पष्टपणे पुढे गेली. फोन साधाच होता, स्मार्ट नव्हता.

आणि आपला इतिहास? १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसून तपासणी करत होते. लोकांना कारण सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या. साथ तीच आणि शहर तेच. एकीच्या हाताला माणसांनी हात दिला, दुसऱ्याच्या बुटांना घाबरून दारं लावली. माहिती कोण घेऊन येतं यावर ती ऐकली जाते की नाही हे ठरतं.

पुढच्या वेळेसाठी: शाळेनं आजच करायच्या गोष्टी

साथ, महापूर, दुष्काळ, उष्णतेची लाट, काहीही निमित्त झालं तरी शाळा बंद होऊ शकते. त्याच्या तयारीला वेगळा निधी लागत नाही. खालची कामं प्रत्येक शाळेला जमण्यासारखी आहेत.

१. घरांची यादी. प्रत्येक मुलापुढे स्मार्टफोन, साधा फोन, टीव्ही, रेडिओ यांपैकी काय आहे आणि फोन दिवसा कोणाजवळ असतो, हे लिहावं. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, ती ताजी करावी.

२. प्रत्येक घराला एक नेमलेला माणूस. ज्या घरी फोन नाही, त्याला निरोप देणारं शेजारचं घर ठरवून ठेवावं. वस्ती आणि तांड्यावर एक जबाबदार पालक असावा, शक्यतो बचत गटातली ताई.

३. सूचनांचा वेगळा ग्रुप. त्यात फक्त मुख्याध्यापक लिहितील. शुभेच्छा आणि फॉरवर्ड दुसरीकडे.

४. प्रत्येक सूचनेत चार गोष्टी. तारीख, कोणत्या वर्गांना लागू, कोणत्या हद्दीत लागू आणि शंका कोणाला विचारायची. भाषा सरकारी नको. ‘उपरोक्त संदर्भान्वये’ वाचून कोणी थांबत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीच सूचना आवाजात रेकॉर्ड करून पाठवावी. तांड्यावर ती बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीत बोलली गेली तर अधिक पोचते.

५. दोन ठिकाणी कागद. मोबाइलवर गेलेली सूचना त्याच दिवशी शाळेच्या फलकावर आणि गावातल्या एका गर्दीच्या ठिकाणी लावावी. ग्रामपंचायतीचा भोंगा सकाळी रानात निघण्याआधी वाजावा. दुपारी ऐकायला गावात कोणी नसतं.

६. उत्तर येतं का ते पाहावं. सूचना दिल्यावर दोन दिवसांत ज्यांच्याकडून काहीच कळलं नाही, त्यांना फोन करावा. आठवड्याला पाच घरं प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला आली तरी महिन्यात वीस घरं होतात. लहान शाळेत ती सगळी घरं झाली.

७. ‘ठरलेलं नाही’ हेही कळवावं. निर्णय झाला नसेल तर तसं स्पष्ट सांगावं आणि पुढची बातमी कधी देऊ ते सांगावं. रिकाम्या जागेत अफवा शिरतात.

पालकांकडेही एक काम आहे. नंबर बदलला, गाव सोडायचं ठरलं, मूल मामाकडे ठेवलं, तर शाळेला कळवायला हवं. आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते, हे विचारायला लाजू नये. ती आपलीच समिती आहे.

येत्या जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत फक्त एक विषय घ्या: उद्या शाळा बंद झाली तर आपल्या गावातल्या कोणत्या घराला कोण सांगणार? नावं लिहून घ्या, समोर नंबर लिहा आणि तो कागद शाळेच्या भिंतीवर लावा.